शोध त्याचा, झडती आपली

(वासुदेव बळवंत फडके यांच्या स्मृतिदिनी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



आज १७ फेब्रुवारी. १८८३ साली याच तारखेला एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंत गेले. वय सदतीस. त्यांच्यावर बोलायचं तर वाट मळलेली आहे. शिरढोणचा जन्म, पुण्यात लष्करी हिशेबखात्यातली कारकुनी, आईच्या अखेरच्या आजारात न मिळालेली रजा, लहुजी वस्तादांची तालीम, दुष्काळ, आणि मग दौलतराव नाईक आणि रामोश्यांना घेऊन उभारलेलं बंड. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे पाठ असेल, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल.

म्हणून मी त्यांच्याबद्दल थोडं कमी बोलणार आहे. १८७९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, पाच महिने, हा माणूस हत्यारासह फरार होता. पोलीस त्याच्या मागावर होते, लष्कराच्या तुकड्या होत्या, घाटवाटा अडवल्या होत्या. या पाच महिन्यांत बाकीचे लोक काय करत होते? सदाशिव पेठेतले, शिरूर तालुक्यातले, पनवेलकडचे. ज्यांच्या घरी दरोडा पडला ते, ज्यांच्या घराची झडती झाली ते, आणि जे नुसतेच ओसरीवर बसून बोलत होते ते. इतिहासाच्या पुस्तकात या मंडळींना 'जनता' म्हणतात आणि पुढे जातात. मला वाटतं तिथे थांबायला हवं.

पहिली गोष्ट, पुणं या माणसाला ओळखत होतं. तो जंगलातून उगवलेला नव्हता. नरसोबाच्या देवळाजवळ राहणारा, सरकारी नोकरीतला, वामनराव भावे आणि लक्ष्मणराव इंदापूरकरांबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढणारा. आज तिचीच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी काहीजण तिच्या भावे स्कूलमध्ये शिकलेही असतील. सुटीच्या दिवशी हातात थाळी घेऊन ती वाजवत गल्लीबोळांतून फिरायचं, संध्याकाळी माझं भाषण आहे म्हणून सांगायचं, आणि संध्याकाळी येऊन बोलायचं, असा त्यांचा क्रम सांगतात. म्हणजे शहरानं त्यांना ऐकलं होतं. कुणी मान डोलावली असेल, कुणी 'डोक्यात राख घालून घेतलीय यानं' म्हणून घरी गेलं असेल. पण चेहरा माहीत नाही असं म्हणायची सोय पुण्याला नव्हती.

दुसरी गोष्ट, माहीत असूनही पुण्यानं हातभार लावला नाही. हे मी म्हणत नाही, फडके स्वतः म्हणतात. त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली होती. ते कागद पकडले गेले आणि खटल्यात त्यांच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. त्यात इंग्रजांबद्दलचा राग आहे, तो अपेक्षितच आहे. वाचताना मला जास्त खटकतं ते दुसरंच. शिकलेल्यांकडे आणि पैसेवाल्यांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही, अशी ती तक्रार आहे. आणि सोबत आलेल्या रामोश्यांना लुटीतला वाटा हवा होता, स्वराज्याची भाषा त्यांच्या कानाआड जात होती, अशीही आहे. फरारी माणसानं जनतेबद्दल दिलेला हा अभिप्राय आहे. आपण दरवर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालतो, पण हा अभिप्राय कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

रामोश्यांची बाजूही लक्षात घ्या. १८७६-७७ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. गावाची राखण हे ज्यांचं पिढीजात काम, त्यांचं ते काम आणि वतन नव्या राज्यात आटत गेलेलं. ज्याच्या घरात दाणा नाही त्यानं लुटीतला वाटा मागितला तर त्यात हावरेपणा किती आणि भूक किती, हे सदाशिव पेठेतल्या पगारदार माणसाला, तो कितीही मोठ्या मनाचा असला तरी, चटकन कळणारं नव्हतं.

पहिला दरोडा पडला शिरूर तालुक्यातल्या धामारीला, १८७९ च्या फेब्रुवारी अखेरीस. मग एकामागून एक गावं. मे महिन्यात दौलतराव नाईक कोकणात उतरले, पळस्पे आणि चिखली इथं मोठी लूट झाली, आणि परतताना घाटमाथ्याकडे, मागावर असलेल्या मेजर डॅनियलच्या लोकांनी दौलतरावांना गोळी घालून मारलं. याच काळात पुणे आणि सातारा भागात दुसऱ्याही टोळ्या होत्या. कोळ्यांचा कृष्णा साबळे होता, रामोश्यांचे हरी मकाजी आणि तात्या मकाजी होते. त्यांचा फडक्यांशी संबंध असलाच तर फार थोडा. पण एकदा एक नाव लोकांच्या तोंडी बसलं की जिथे जिथे दार फुटेल तिथे तिथे तेच नाव जातं. तीन टोळ्यांच्या कामगिऱ्या एकाच्या नावावर जमा झाल्या. पोलिसांच्या डोळ्यांतही आणि लोकांच्या बोलण्यातही वासुदेव बळवंत एकाच रात्री दोन तालुक्यांत असू शकत होते. फरारी माणूस मोठा होतो तो थोडा स्वतःच्या कर्तृत्वानं, आणि बराचसा असा उसन्या कर्तृत्वानं.

बक्षिसाचं तेच. सरकारनं त्यांच्यावर बक्षीस लावलं हे खरं. किती? कुणी चार हजार लिहितं, कुणी पन्नास हजार. फडक्यांनी उलट जाहीरनामा काढला, गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर बक्षीस लावलं, हेही सांगतात, आणि त्याचा आकडा काहींच्या तोंडी पंचाहत्तर हजारांपर्यंत जातो. सरकारला धमकावणारा त्यांचा जाहीरनामा होता यात शंका नाही. तो अधिकाऱ्यांना पोचला, त्यानं खळबळ उडाली, लंडनच्या 'टाइम्स'नंही दखल घेतली. पण दोन्ही आकडे सांगणाऱ्यागणिक वाढत गेले आहेत, आणि गंमत बघा, सरकारच्या आकड्यापेक्षा फडक्यांचा आकडा नेहमी वरचढ असतो. हा हिशेब कुठल्याही दप्तरात झालेला नाही, तो ओसरीवर झाला आहे. ज्या लोकांनी एक पैसा दिला नाही, त्यांनी बोलताना मात्र फडक्यांना सरकारपेक्षा श्रीमंत करून टाकलं! याला मी ढोंग म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाला परवडणारं तेवढंच धाडस ते असतं.

घाबरण्यासारखं बरंच होतं. १८७८ च्या मार्चमध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घालणारा कायदा लॉर्ड लिटननं आणला होता. मराठी संपादकानं बंडाबद्दल जपून लिहायचं की सरळ शिव्या द्यायच्या, एवढाच प्रश्न उरला होता. छापील बातमी आखडली की तोंडी बातमी पसरते. आणि मग १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा एकाच रात्री पेटले. पेशव्यांचे दोन वाडे, दोन्हीत सरकारी कामकाज. बुधवारवाडा तर गेलाच. सकाळी शहरात दोनच मतं होती. 'त्यानं लावली' असं म्हणणारे काळजीत होते, आणि 'त्यानंच लावली!' असं म्हणणारे मनातून खूश होते. सरकारचं मतही यापेक्षा वेगळं नव्हतं.

पुढे चौकशीत निघालं काय? सरकारी पुस्तकांच्या डेपोतल्या एका नोकरानं आपली अफरातफर झाकायला काडी लावली होती. बंड नाही, देशप्रेम नाही, हिशेबातली चोरी. योगायोग असा की त्या माणसाचं आडनाव रानडे.

महादेव गोविंद रानडे तेव्हा न्यायखात्यात होते, सार्वजनिक सभेमागची मुख्य बुद्धी म्हणून सरकार त्यांच्याकडे बघत होतं. फडक्यांच्या मार्गाशी त्यांचा सुतराम संबंध नव्हता, स्वभावानंही नव्हता. तरी त्याच मे महिन्यात त्यांची तातडीनं धुळ्याला बदली झाली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की धुळ्यात त्यांची पत्रं फोडून तपासली जात होती. बंडवाल्यांच्या सहीची, अमुक ठिकाणी दंगा होणार वगैरे मजकूर असलेली पत्रंही त्यांच्या नावे येत, आणि रानडे ती पाकिटासकट पोलिसांकडे पाठवून देत. सापळा होता, आणि ज्याच्यासाठी लावला त्याला तो पहिल्या दिवसापासून दिसत होता. काही काळानं तिथल्याच एका इंग्रज अधिकाऱ्यानं संशय खोटा ठरल्याचं त्यांना सांगितलं. ज्यानं सरकारला आयुष्यभर अर्जविनंत्यांची भाषा शिकवली, त्याची टपाल फोडणारं सरकार डोंगरातल्या रामोश्याच्या झोपडीत शिरताना कसं वागलं असेल, याची कल्पना करायला पुराव्याची गरज पडू नये.

खुद्द गव्हर्नर टेंपल यांनी १८७९ च्या जुलैत व्हाइसरॉयला पत्र लिहून पश्चिम हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांच्या मनात गेलेल्या राज्याची आस कशी अजून जिवंत आहे ते विस्तारानं कळवलं. म्हणजे शोध एका माणसाचा, आणि संशयित दोन अख्ख्या जाती. एक टोक झोपडीत, दुसरं टोक वाड्यात. एरवी ज्यांचा एकमेकांच्या सावलीशीही संबंध नव्हता, त्यांना सरकारनं एका यादीत बसवलं. फडक्यांना जे भाषणांनी साधलं नाही, ते काही अंशी सरकारच्या संशयानं साधलं, असं माझं मत आहे.

पण या चित्रातून एक माणूस कायम गळतो, त्याला मी आज आत आणू इच्छितो. ज्याचं घर लुटलं गेलं तो. धामारीचा, पळस्प्याचा, चिखलीचा. आपण त्याला 'सावकार' म्हणतो आणि दयामाया संपते. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, तो राग खरा होता आणि त्याला कारणंही होती. त्या रागाची सरकारनं चौकशी केली, आणि त्यातून दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा १ नोव्हेंबर १८७९ ला अमलात आला. फडक्यांना जन्मठेप झाली ७ नोव्हेंबरला. सहा दिवसांचं अंतर! तारखा एवढ्या जवळ आहेत म्हणून बंडामुळे कायदा झाला असं मी म्हणणार नाही, त्याची तयारी आधीपासून चालू होती. मुद्दा एवढाच की प्रत्येक लुटलेलं घर जुलमी सावकाराचं होतं असं समजणं सोयीचं आहे, खरं असेलच असं नाही. मध्यरात्री दार फोडून आत आलेल्या हत्यारबंद माणसांचा हेतू उदात्त आहे की नाही, हे घरातल्या बाईनं कसं ओळखायचं? त्या घरांनी पोलिसांना माहिती दिली असेल तर त्यांना फितूर म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

फडके पकडले गेले २० जुलै १८७९ ला, कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावी. ते श्रीशैलला गेले होते, मग निजामाच्या मुलखात रोहिल्यांची जमवाजमव चालली होती. तापानं फणफणलेले, झोपेत असताना मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलिसांतले अब्दुल हक यांनी त्यांना धरलं. पुण्यात आणलं, संगमाजवळ कोठडीत ठेवलं.

आणि आता लोकांचं वागणं पाहा. पाच महिने जे शहर गप्प होतं ते कोर्टाबाहेर गर्दी करू लागलं. फरार असताना त्याच्याजवळ जाणं हा गुन्हा होता. पकडल्यावर त्याला लांबून पाहणं हा गुन्हा नव्हता. मी उपरोधानं बोलतोय असं वाटेल, थोडं बोलतोयही. पण त्या गर्दीतून एक माणूस पुढे आला, आणि माझ्या लेखी १८७९ च्या पुण्याची लाज त्यानं राखली. गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका. सार्वजनिक सभेचे संस्थापक, सनदशीर मार्गाचे, रोज सूत कातून तेच वापरणारे. राजद्रोहाच्या आरोपीचं वकीलपत्र घ्यायला माणसं कचरत होती, तेव्हा ते उभे राहिले. महादेव चिमणाजी आपटे यांनीही बचावाचं काम केलं. काकांना फडक्यांचा मार्ग पटत होता असं कुठेही दिसत नाही. पटत नसलेल्या माणसाचा न्यायालयात बचाव करणं, हे फरारी माणसाला लपवण्यापेक्षा सोपं नव्हतं, आणि त्याचं मोल मी जास्त मानतो. न्यायाधीश न्यूनहॅम यांनी जन्मठेप दिली. पुढच्या वर्षी जुलैत काका वारले.

एडनमधूनही फडके एकदा निसटले, १८८० च्या ऑक्टोबरात, कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून. लगेच सापडले. परक्या मुलखात, जिथे भाषा कळत नाही आणि ओसरीवर बसून आपली कहाणी वाढवणारं कुणी नाही, तिथे फरार होण्याला काही तासांपलीकडे आयुष्य नसतं.

आता जरा मागेपुढे जातो. फडक्यांच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं याच मुलखात रामोशी बंडखोर उमाजी नाईकांचा शोध झाला. बक्षीस शेकड्यांपासून सुरू झालं आणि हजारांवर गेलं, शेवटी सोबत इनाम जमीनही आली. सासवड-पुरंदरच्या गावांनी उमाजींना वर्षानुवर्षं धरून दिलं नाही. शेवटी १८३१ च्या डिसेंबरात भोरजवळ उत्रोळीला ते सापडले, ते त्यांच्याच आधीच्या साथीदारांच्या फितुरीनं. कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्यानं त्यांचा पाठलाग केला आणि नंतर रामोश्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ज्याचा पाठलाग केला त्याच्या जातीचा इतिहास लिहायला बसणारा अधिकारी हा नमुना तेव्हाही दुर्मीळच असावा.

चाफेकरांचं तर आपल्याच गणेशखिंडीच्या रस्त्यावरचं. २२ जून १८९७ ला रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. वीस हजारांचं बक्षीस लागलं. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहराकडूनच वसूल करायचं ठरलं. नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध केलं, टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं. प्लेगच्या झडत्यांनी होरपळलेलं शहर तोंड मिटून बसलं. तीन महिने वीस हजार रुपये नुसते भिंतीवर चिकटून होते. वीस हजार म्हणजे त्या काळी पेठेत वाडा उभा राहील एवढी रक्कम! शेवटी दामोदर चाफेकरचं नाव दिलं ते गणेश द्रविडनं, जो चाफेकरांच्या वर्तुळातला होता आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात अडकलेला होता. ८ फेब्रुवारी १८९९ ला द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या गेल्या. बाळकृष्ण चाफेकर फरार होऊन निजामाच्या राज्यात होता तो निराळाच अध्याय आहे, त्यात शिरत नाही.

उमाजी आणि चाफेकर यांत एक गोष्ट समान आहे. बक्षिसाची रक्कम जनतेला विकत घेत नाही. ती आतल्या माणसाला विकत घेते, ज्याला आधीच सुटका हवी आहे किंवा सूड. बाकीच्यांसाठी बक्षिसाचा एकच उपयोग होतो, फरारी माणसाची किंमत कळते आणि गप्पांना जोर चढतो. राज्यकर्त्यांना हे शंभर वर्षांत कळलं नाही, आणि आजही कुठलाही मोठा गुन्हा झाला की दुसऱ्या दिवशी रक्कम जाहीर होते.

याच शहरानं अगदी वेगळी प्रतिक्रियाही दिली आहे. १९७६-७७. जोशी, अभ्यंकर, एकापाठोपाठ एक कुटुंबं घरात घुसून मारली गेली. आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर बंधनं होती, म्हणजे १८७९ सारखीच छापील बातमी आखडलेली. पण यावेळी मारेकऱ्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. त्यामुळे गोष्टी रचायलाही कुणी धजावेना. दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे. दारांना साखळ्या आल्या, नेत्रछिद्रं आली, खिडक्यांना गज आले, आणि ते गज अजूनही डेक्कनच्या जुन्या बंगल्यांना आहेत. ओळखीच्या माणसालाही बाहेरूनच नाव विचारायची सवय तेव्हाची. मारेकरी बाहेरून आलेले असणार, अट्टल असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. सापडले ते टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी. जक्कल आणि त्याचे तिघे साथीदार १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्यात फासावर गेले. पण शहराला जो धक्का बसला तो फाशीचा नव्हता. संशयाची आपली यादी मुळातच चुकली होती, पोरं आपल्याच कट्ट्यावरची निघाली, हा होता. टेंपलसाहेबाची यादी चुकली होती तशीच आपली चुकली.

आता २०२५ चा फेब्रुवारी. स्वारगेटच्या एसटी आगारात उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. आरोपी पळून आपल्या गावाकडे गेला, शिरूर तालुक्यातल्या गुनाटला. प्रकरण न्यायालयात आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही. आणि कृपा करून कुणी असं समजू नका की मी त्या आरोपीला फडक्यांच्या शेजारी उभा करतोय. मी शेजारी उभी करतोय ती गावं. धामारी आणि गुनाट एकाच तालुक्यातली आहेत.

पोलीस आले, श्वानपथक आलं, उसाच्या फडांवर ड्रोन फिरले, एक लाखाचं बक्षीस लागलं. आणि गुनाटचे लोक पोलिसांच्या बरोबरीनं उसात उतरले. ज्यांनी ऊस पाहिलाय त्यांना माहीत आहे, उभ्या फडात दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, पात अंग कापते. आरोपी एका घरी पाणी मागायला आला तेव्हा खबर पोलिसांपर्यंत पोचली, आणि २७ च्या मध्यरात्रीनंतर तो सापडला. पोलीस आयुक्तांनी गावकऱ्यांचे जाहीर आभार मानले. १८७९ मध्ये याच तालुक्यात असं घडल्याचं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

फरक कशानं पडला? एक लाखानं नक्कीच नाही, त्या रकमेत आज शिरूरला गुंठाही येत नाही. आरोपी तर गावचाच होता, जातीपातीचा, भावकीचा, ओळखीचा. जुन्या हिशेबानं गावानं त्याला झाकायला हवं होतं. गावानं झाकलं नाही, कारण ज्या मुलीवर अत्याचार झाला तिच्या जागी त्यांना आपली शिकायला, नोकरीला एसटीनं जाणारी मुलगी दिसत होती. हा शोध त्यांना आपला वाटला. पोलीस फक्त त्यांच्यासोबत होते. उमाजींच्या, फडक्यांच्या, चाफेकरांच्या वेळी शोध सरकारचा होता आणि लोक त्या शोधाचं मैदान होते.

पण इथे थांबून गावकऱ्यांवर फुलं उधळणं मला जमणार नाही. लोकांनी शोध हाती घेतला की त्याचं दुसरं रूपही आपण पाहिलंय, फार लांब नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. गुन्हा घडलेलाच नव्हता, फरारी कुणी नव्हतं, शोध मात्र पूर्ण झाला. त्या जमावातल्या प्रत्येकाला तो शोध आपला वाटत होता. गुनाट आणि राईनपाडा यांच्यामध्ये नेमकं काय उभं होतं? मला एकच गोष्ट दिसते. गुनाटला माणूस कोण ते ठाऊक होतं, आणि सापडला की त्याला कुणाच्या हवाली करायचं हेही ठाऊक होतं. राईनपाड्याला दोन्ही ठाऊक नव्हतं. आणि मेले कोण? पालं टाकून फिरणारे, ज्यांच्याकडे कुठलंही सरकार आणि कुठलाही जमाव पहिल्यांदा बोट दाखवतो. १८७९ मध्ये तिथे रामोशी होते. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, भटक्या-विमुक्तांवर टाकलेल्या नजरेतून तो अजून गेलेला नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि मग तुम्हाला मोकळं करतो. संगमाजवळ जिथे फडक्यांना कोठडीत ठेवलं होतं, ती जागा आज राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या आवारात आहे. तिथे त्यांचं स्मारक आहे. ज्या खात्यानं त्यांना शोधलं त्याच खात्याच्या वारसांनी त्यांची आठवण जपली आहे. १९८४ मध्ये त्यांच्या नावानं टपाल तिकीट निघालं, चित्रपट झाले, पुतळे झाले. त्यांच्याबरोबर पकडल्या गेलेल्या, शिक्षा भोगलेल्या रामोशी, कोळी, धनगरांची नावं मात्र अशा सभांमधून ऐकायला मिळत नाहीत. मुंबई सरकारनं १९५७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड छापला, १८१८ ते १८८५ या काळाचा. त्यात या बंडाचे कागद आहेत. आपल्यापैकी जे तरुण इतिहास शिकताहेत त्यांनी तो खंड उघडावा, त्यातली नावं उतरवून घ्यावीत, आणि धामारी, पळस्पे, चिखली या गावांतून फिरून त्या घरांकडे काय आठवण उरली आहे ते विचारावं. लुटलेल्या घरांकडेही विचारावं.

आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर पुण्याच्या वक्त्याला बोलावू नका. दौलतराव नाईकांच्या समाजातल्या कुणाला तरी बोलवा, आणि माझ्यासारख्यांना समोरच्या खुर्चीत बसवा.